बियाण्यामागचा माणूस : पीकशास्त्रज्ञाच्या कार्याचा एक अभ्यास

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे शेतीवर उभे आहेत. कृष्णाकाठचा ऊस, तासगाव-मिरज भागातील द्राक्षे, सांगलीच्या पेठेतील हळद आणि माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू तालुक्यांतील शाळू व करडई यांच्यावर येथील गावांचे अर्थकारण चालते. आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचा या पिकांशी संबंध आला, तो मात्र मालकीपेक्षा श्रमाच्या अंगाने अधिक. भांगलण, काढणी, ऊसतोड ही कामे आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्पिढ्या केली. पेरले जाणारे बियाणे कोणी तयार केले, हे विचारण्याची सवड त्यांना कधी मिळाली नाही.

आमच्यासारख्या बँकेत काम करणाऱ्यांच्या हातांखालून पीककर्जाची असंख्य प्रकरणे जातात. त्यांत पिकाचे नाव असते, गट नंबर असतो, क्षेत्र असते. त्या वाणाचा जन्म कोठे झाला आणि त्यासाठी कोणी किती वर्षे खर्ची घातली, यासाठी रकाना नसतो. प्रस्तुत लेखात त्या रकान्याबाहेरच्या माणसाची, म्हणजे पिकांच्या अनुवंशशास्त्रज्ञाची व जैवतंत्रज्ञाची ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत. तेव्हा जे आम्हांला समजले, ते विद्यार्थ्यांना समजण्यास अडचण पडू नये.

हे शास्त्र करते काय?

या शास्त्राची पहिली पायरी म्हणजे निवड. शेतात हजारो झाडे सारखी दिसतात, पण एखादे वेगळे निघते. ते ओळखायचे, वेगळे राखायचे आणि त्याचा वेगळेपणा पुढच्या पिढीत टिकतो का ते तपासायचे. याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे द्राक्षबागायतदार वसंतराव आर्वे यांनी ‘थॉमसन सीडलेस’ या द्राक्षजातीतून वेगळा वेल निवडला. तोच पुढे ‘तास-ए-गणेश’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रातील बागांत पसरला. द्राक्षाची लागवड बियांपासून न करता काडीपासून किंवा कलमाने होते. त्यामुळे एखाद्या वेलीत अचानक घडलेला बदल काडीबरोबर जसाच्या तसा पुढे जातो. मात्र तो बदल ओळखणारी नजर असावी लागते.

दुसरी पायरी म्हणजे संकर. दोन वेगवेगळ्या गुणांचे आईबाप निवडून त्यांच्यापासून संतती तयार करायची आणि त्या संततीतून हवी ती झाडे निवडायची. याला किती काळ लागतो, हे उसाच्या नावावरूनच कळते. आपल्याकडे सर्वत्र माहीत असलेला ‘को ८६०३२’ हा वाण घ्या. ‘को’ म्हणजे कोईमतूर. तेथे १९१२ पासून ऊस पैदास संस्था आहे. उसाला तुरा येऊन चांगले बी धरण्यास तेथील हवामान अनुकूल असल्याने संकराचे काम तेथे होते. नंबरातील ‘८६’ म्हणजे १९८६ हे साल. महाराष्ट्रात हा वाण ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाला तो १९९६ मध्ये. म्हणजे नंबर मिळाल्यानंतरही दहा वर्षे तो चाचण्यांतून जात होता. आपल्या सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. उसाच्या नव्या वाणांची आपल्या हवामानातील पारख येथे होते.

तिसरी पायरी प्रयोगशाळेतली. तिच्याकडे आपण पुढे वळू. त्याआधी एका माणसाचे संपूर्ण कार्य जवळून पाहू, म्हणजे या पायऱ्या नीट ध्यानात येतील.

फलटणचे बनबिहारी निंबकर

बनबिहारी विष्णू निंबकर यांचा जन्म १९३१ चा. त्यांच्या आई मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर त्या कमला निंबकर झाल्या. अपंग व आजारी माणसांना पुन्हा कामाला लावणाऱ्या व्यवसायोपचाराचे शिक्षण त्यांनी १९५० मध्ये मुंबईत सुरू केले. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने आहे. निंबकरांच्या पत्नी जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या व इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका.

निंबकरांनी अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातून शेतीची पदवी आणि अॅरिझोना विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली. अॅरिझोना हा रखरखीत, कमी पावसाचा प्रदेश. तेथे शिकलेला माणूस फलटणला येऊन स्थायिक झाला, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. फलटणच्या एका अंगाला कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला माणदेशचा दुष्काळ. येथे त्यांनी स्वतः शेती केली, बियाण्यांचा व्यवसाय उभारला आणि १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. लोणंद रस्त्यावरील ही संस्था ‘नारी’ या नावाने ओळखली जाते.

संस्थेने निवडलेल्या पिकांकडे पाहा. पैसा उसात असताना तिने करडई आणि गोड धाटाची ज्वारी हाती घेतली. गोड ज्वारीचे बियाणे निंबकरांनी बाहेरून आणून येथे त्यावर काम सुरू केले व त्यातून ‘मधुरा’ हा वाण पुढे आला. हिच्या कणसातून दाणा मिळतो, धाटातून गोड रस मिळतो आणि उरलेला चोथा जनावरांना किंवा जळणाला उपयोगी पडतो. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहून पाणी पितो. हे पीक सुमारे चार महिन्यांत तयार होते. रसापासून काकवी आणि इंधनाचे अल्कोहोल तयार करण्याचे प्रयोगही संस्थेत झाले. ऊर्जेच्या या कामासाठी परिचित असलेले संस्थेतील डॉ. अनिल राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. संस्थेचे अध्यक्षपद पुढे निंबकरांच्या कन्या डॉ. नंदिनी निंबकर यांनी सांभाळले. त्या स्वतः अमेरिकेत पीकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या शास्त्रज्ञ.

बनबिहारी निंबकर यांना २००६ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बिनकाट्याची करडई

शास्त्रज्ञाचे प्रत्यक्ष काम कसे चालते, हे समजण्यासाठी करडईइतके चांगले उदाहरण नाही. करडईला पाणी कमी लागते, तिचे मूळ खोल जाते आणि तेल उत्तम असते. पण पानांना व बोंडांना काटे असतात. म्हणून काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना, हाताला फडकी गुंडाळून करावी लागते. हे काम करणारे हात बहुधा रोजंदारीवर येणाऱ्या बायकांचे. काट्यांच्या त्रासामुळे मजूर मिळत नाहीत आणि मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी हे पीक सोडतो.

मग बिनकाट्याची करडई करणे सोपे का नसावे? करडईत काटेरीपणाचा गुण बहुधा वरचढ ठरतो. काटेरी व बिनकाटेरी झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत काटे दिसतात. म्हणून बिनकाट्याचा संकरित वाण हवा असेल, तर आई आणि बाप दोन्ही बिनकाट्याचे लागतात, आणि शिवाय ते दोघेही भरपूर उत्पन्न, पुरेसे तेल व रोगप्रतिकार या गुणांतही सरस असावे लागतात. काटे गेले पण तेल घटले, तर तो वाण शेतकरी घेणार नाही.

दुसरी अडचण फुलाची. करडईच्या एकाच बारीक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात व ते बहुधा आपल्याच परागाने फळते. संकर करायचा तर एकेका फुलातील नरभाग हाताने काढावा लागतो. शेतकऱ्यांना पुरेल इतके बियाणे असे हाताने तयार होणे अशक्य. त्यासाठी शास्त्रज्ञांनी जन्मतःच पराग न धरणारी, म्हणजे नरवंध्य झाडे उपयोगात आणली. अशा बियाण्याच्या मादी ओळीत सुमारे निम्मी झाडे नरवंध्य निघतात आणि निम्मी पराग धरणारी. फुलोऱ्याच्या वेळी ओळीने फिरून परागाची झाडे ओळखून उपटावी लागतात. एक चुकले, तरी बियाण्याच्या शुद्धतेला बाधा येते.

फलटणच्या संस्थेत डॉ. व्रिजेंद्र सिंह व सहकाऱ्यांनी करडईवर हे काम वर्षानुवर्षे केले. त्यातून ‘नारी-६’ हा बिनकाट्याचा सरळ वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाट्याचा संकरित वाण तयार झाला. हा संकरित वाण २००१ मध्ये प्रसारित झाला. बिनकाट्याच्या करडईच्या पाकळ्या सहज वेचता येतात व त्यांचा काढा किंवा चहा होतो, हा आणखी एक लाभ.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे शाळवाच्या कडेने करडईच्या ओळी घालतात, त्या जनावरे आत शिरू नयेत म्हणून. काटे गेले की हे कुंपणही गेले. शास्त्रज्ञाच्या प्रत्येक निर्णयात असा एक नफा आणि एक तोटा असतो. कोणाच्या नफ्याला अधिक वजन द्यायचे, हे तराजूवर ठरत नाही. बांधाच्या मालकाची सोय आणि काढणीच्या मजुराचे हात यांत निवड करताना शास्त्रज्ञाला माणसाकडे पाहावेच लागते. म्हणूनच या शास्त्रात आपल्या घरांतील मुले-मुली असणे गरजेचे आहे, असे आम्हांस वाटते. फडके गुंडाळलेले हात ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही.

प्रयोगशाळेतील पायरी

आता तिसरी पायरी, जैवतंत्रज्ञान. सांगलीच्या हळदीपासूनच सुरुवात करू. हळदीची लागवड गड्ड्यांपासून होते. एका झाडाचे गड्डे मोजकेच, त्यामुळे चांगला वाण सापडला तरी त्याचे बेणे वाढवण्यास बरीच वर्षे जातात आणि गड्ड्याबरोबर रोगही पुढे जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. व्ही. जगन्नाथन, डॉ. ए. एफ. मस्कारेन्हास, डॉ. रजनी नाडगौडा आदी शास्त्रज्ञांनी ऊतिसंवर्धनावर काम केले. ऊतिसंवर्धन म्हणजे वनस्पतीचा बारीकसा जिवंत भाग घेऊन, काचेच्या नळीत निर्जंतुक वातावरणात अन्नद्रव्यावर वाढवून त्यापासून अनेक रोपे तयार करणे. या पद्धतीने हळदीची झपाट्याने वाढ करण्यासंबंधीचा त्यांचा शोधनिबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच प्रयोगशाळेने पुढे बांबूच्या बाबतीत जगाचे लक्ष वेधले. बांबूला अनेक दशकांतून एकदा फुलोरा येतो. बी मिळाल्याशिवाय संकर नाही, म्हणजे एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यात बांबूची एक पिढीही पाहणे अवघड. नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हास यांनी ऊतिसंवर्धनातील बांबूच्या लहान रोपांना नळीतच फुले व बी आणून दाखवले. हा निबंध १९९० मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. आज पानाच्या तुकड्यातून जनुकांची तपासणी करून, झाड मोठे होण्याआधीच त्यात हवा तो गुण आहे की नाही हे सांगता येते. त्यामुळे निवडीची काही वर्षे वाचतात. तरीही शेतातील चाचणी चुकत नाही. नळीतले रोप अखेर माणच्या उन्हात उभे राहिले पाहिजे.

दादाजी खोब्रागडे : नोंद न झालेले शास्त्र

निंबकरांना परदेशी शिक्षण मिळाले, घरी विद्येचे वातावरण होते, संस्था उभारण्याइतके साधन होते. त्या साधनांचा त्यांनी सत्कारणी उपयोग केला, याबद्दल आदरच आहे. परंतु अशी सुरुवात सर्वांच्या वाट्याला येत नाही. ज्याच्याजवळ यांतले काहीच नव्हते, अशा माणसाचे उदाहरण पाहण्यासाठी आपल्याला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात जावे लागेल.

नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे हे दलित समाजातील अल्पभूधारक शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत आणि जमीन दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या आणि काही वर्षे निवड करीत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा, चवीला चांगला असा भात तयार झाला. त्या काळी एचएमटी घड्याळ लोकप्रिय होते. त्यावरून बाजारात या भाताचे नाव ‘एचएमटी’ पडले आणि तो विदर्भाबाहेरही पसरला.

वर सांगितलेली पहिली पायरी आठवा. ओळखणे, वेगळे राखणे आणि टिकाव तपासणे. दादाजींनी नेमके हेच केले होते. परंतु ते शास्त्र आहे, अशी नोंद कोठे झाली नाही. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे, आपण मूळ वाणाचे शुद्धीकरण केले. दादाजींची तक्रार, आपल्या शोधाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या वतीने राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण भारतातील प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. एवढे होऊनही गरिबीने त्यांची पाठ सोडली नाही. जून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आमच्या नोकरीत एक साधा नियम आहे. व्यवहार कितीही खरा असो, खात्यात नोंद नसेल तर तो सिद्ध करणे जड जाते. दादाजींच्या बाबतीत हेच घडले. भात लाखो लोकांनी खाल्ला, पण खातेवहीत त्यांच्या नावे जमा उशिरा पडली आणि तीही तुटपुंजी.

कायद्याची नोंदवही

ही उणीव भरून काढण्याची एक वाट आता कायद्याने दिली आहे. पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा २००१ मध्ये झाला. यात शेतकऱ्याने विकसित केलेला वाणही त्याच्या नावावर नोंदवता येतो. त्यासाठी तीन कसोट्या पाहतात. वाण इतरांपेक्षा वेगळा असावा, त्याची सर्व झाडे एकसारखी असावीत आणि पिढ्यान्पिढ्या त्याचे गुण टिकावेत. नोंदणीनंतर शेतपिकांना १५ वर्षे, तर वृक्ष व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. शेतकऱ्याला बियाणे राखणे, पेरणे, बदली करणे व विकणे यांचा हक्क राहतो. फक्त दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रेच्या पिशवीतून विकता येत नाही.

नोंद करायची तर पुरावा लागतो. कोणत्या वर्षी, कोणत्या शेतात, काय दिसले, किती झाडे राखली, पुढच्या वर्षी काय झाले, हे तारखेसह वहीत असले पाहिजे. दोन रुपयांची वही आणि नियमितपणा यांतून शास्त्रज्ञाची सुरुवात होते.

विद्यार्थी मित्रांसाठी

दहावी-बारावीनंतर आपल्या घरांत इंजिनिअरिंग, डी.एड., पोलीस भरती किंवा बँकेची परीक्षा यांचीच चर्चा होते. ‘आपल्याला जमीन नाही, मग शेतीचे शिक्षण कशाला?’ असे वडीलधारी माणसेही म्हणतात. पण कृषी महाविद्यालयाच्या प्रवेशाला सातबारा अनिवार्य नाही. बारावी विज्ञाननंतर सामाईक प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची कृषी पदवी घेता येते. जैवतंत्रज्ञानाची वाट विज्ञान पदवीवरूनही जाते. पुढे वनस्पती पैदास व अनुवंशशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान या विषयांत पदव्युत्तर शिक्षण आणि डॉक्टरेट. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. पाडेगावचे ऊस केंद्र आणि सांगलीजवळील कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र ही त्याच विद्यापीठाची. ही ठिकाणे एस.टी.ने जाऊन पाहता येण्याजोगी आहेत.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर इंग्रजीत निबंध लिहिला. शेत किफायतशीर की नाही, हे केवळ त्याच्या आकारावर ठरत नाही, तर त्यावर लागणारे श्रम, भांडवल व अन्य साधने यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. चांगले बियाणे हे असेच एक साधन. ज्याच्याकडे जमीन थोडी, त्याला त्याचे मोल अधिक.

ज्यांना आजच काही करावयाचे आहे, त्यांना एक छोटा अभ्यास सुचवतो. गावातील दुकानात किंवा शेजाऱ्याच्या घरी बियाण्याची पिशवी पाहा. तिला लावलेल्या खुणचिठ्ठीचा रंग पाहा. सोनेरी पिवळी असेल तर ते पैदासकार बियाणे, पांढरी असेल तर पायाभूत आणि निळी असेल तर प्रमाणित. वाणाचे नाव लिहून घ्या आणि तो कोठे, कोणत्या साली, कोणी तयार केला हे शोधा. असे दहा वाण शोधलेत, तर आपल्या तालुक्याचा एक इतिहास तुमच्या वहीत तयार होईल. मंडळाच्या अभ्यासिकेत या वह्या एकत्र ठेवता आल्या, तर पुढच्या विद्यार्थ्यांचे काम सोपे होईल.

आपल्या मागच्या पिढ्यांनी पीक पाहिले ते वाकून, विळा हातात धरून. त्या पाहण्यात ज्ञान होते, पण त्याची नोंद झाली नाही. पुढच्या पिढीने तेच पीक वही, भिंग आणि पदवी घेऊन पाहावे. माणदेशात किंवा कृष्णाकाठी एखादा वाण तयार व्हावा आणि त्याच्या नोंदीत आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीचे नाव पैदासकार म्हणून लागावे, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख येथे पुरा करतो.